वाळपईतील घराची जागा : दर, क्षेत्रफळ आणि हक्क

वाळपईत घर बांधू इच्छिणारा गृहस्थ आज प्रथम जमिनीचा दर विचारतो आणि मग भूखंडाचे क्षेत्रफळ. आपल्या पणजोबांच्या पिढीला हे दोन्ही प्रश्न फारसे पडले नसावेत. त्यांचा प्रश्न निराळा होता : जागा कोणाची, आणि कोणाच्या शब्दावर आपण तेथे राहतो? सत्तरीत हा जुना प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. दर आणि क्षेत्रफळ यांची उत्तरे त्याच्यावरच अवलंबून आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सत्तरी हा नव्या काबिजादींतील महाल. सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून तो अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेला. येथील राण्यांकडे मोकासे होते. मोकासा म्हणजे मूळ अर्थाने सेवेच्या मोबदल्यात मिळालेला महसुलाचा हक्क. परंतु महसूल वसूल करणारा आणि जमिनीचा धनी यांतील सीमारेषा पिढ्यान्‌पिढ्या पुसट होत गेली. दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी वाळपईनजीकचा नाणूसचा किल्ला घेतला, त्यानंतर कुष्टोबा राणे आणि १८९५ मध्ये दादा राणे उठले. ही बंडे केवळ जमिनीपायी झाली असे म्हणणे एकांगी ठरेल. पण करांचा आणि वतनी हक्कांचा सल त्यांत होताच. पुढे पोर्तुगीज सरकारने पडीक जमिनी लागवडीसाठी ‘अल्वारा’ देऊन वाटल्या. त्या कसणाऱ्यांनी तेथेच घरे उभारली. कागद मात्र लागवडीचा होता, घराचा नव्हता.

या व्यवस्थेत सामान्य कुटुंबाला जागेची किंमत रुपयांत मोजावी लागत नसे. भाटकाराच्या संमतीने त्याच्या भाटात घर बांधायचे, बागायतीवर लक्ष ठेवायचे, सणावारी हजर राहायचे. हाच मुंडकार. घर मातीचे आणि जागा अंगणाएवढी. दर नव्हता, तसाच हक्कही नव्हता.

मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा आणि १९६८ मध्ये जमीन महसूल संहिता आली. भूमापन होऊन एक-चौदाचे उतारे तयार झाले. घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला तो १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा. त्याने पंचायत क्षेत्रात घराभोवती पाच मीटर किंवा घरासह ३०० चौरस मीटर, आणि पालिका क्षेत्रात दोन मीटर किंवा २०० चौरस मीटर, एवढी जागा मुंडकाराला विकत घेण्याचा हक्क दिला. एका कुटुंबाला किती जागा लागते, याचे माप सरकारने प्रथमच आकड्यांत लिहिले. वाळपईत पालिका असल्याने हा फरक येथे प्रत्यक्ष भोगावा लागतो.

तो किती मोठा, हे साध्या गणिताने पाहू. अंतरे विभागानुसार व रस्त्यानुसार बदलतात. उदाहरणादाखल चारही बाजूंना तीन मीटर सोडले असे धरू. १० बाय २० मीटरच्या भूखंडात बांधायला ४ बाय १४, म्हणजे ५६ चौरस मीटर उरतात. १५ बाय २० मीटरच्या भूखंडात ९ बाय १४, म्हणजे १२६! जागा दीडपट, पण वापरता येणारी जमीन सव्वादोनपट. तीन हजार रुपये चौरस मीटर असा दर कल्पिला, तर पहिल्या भूखंडात जोत्याच्या दर मीटरला सुमारे १०,७०० रुपये पडतात आणि दुसऱ्यात सुमारे ७,१००. म्हणून नुसता दर ऐकून भूखंड स्वस्त की महाग हे ठरवू नये. दोडामार्गकडील नातेवाईक गुंठ्याचा भाव सांगतात तेव्हाही एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर हे ध्यानात ठेवूनच तुलना करावी.

हे गणित मोठ्या भूखंडाच्या बाजूचे आहे. अडचण अशी की सत्तरीत मोठा आणि स्वस्त भूखंड पुष्कळदा मोकाशाचा, अल्वाराचा किंवा अविभक्त मालकीचा असतो. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने गोव्यात मुलगे आणि मुली समान वारस असतात व विक्रीस पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. अविभक्त मिळकतीतील हिस्सा परक्याला विकताना सहमालकांना अग्रहक्क असतो. मुंबई, बेळगाव, परदेश अशी पांगलेली भावंडे एका कागदावर आणणे किती कठीण, हे सेवाकाळात फायली हाताळणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. अशा भूखंडाचा कमी दर हा संशयाचा दर असतो.

हा संशय केवळ खासगी व्यवहारापुरता नाही. शेळ-मेळावली येथे आयआयटीसाठी सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन ठरली, तेव्हा ग्रामस्थांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसवणुकीचा हक्क सांगितला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी सरकारला प्रकल्प तेथून हलविण्याची घोषणा करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये विधानसभेने सरकारी जमिनीवरील, २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरे ४०० चौरस मीटरच्या मर्यादेत नियमित करण्याची तरतूद केली. तिचा लाभ जुन्या घरांना. नव्याने बांधणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये.

मग निर्णय कसा करावा? वडिलोपार्जित घराच्या जागी बांधायचे असेल, तर नकाशा काढण्यापूर्वी वाटणी करून घ्यावी. अनेकजण चिरे उतरवून घेतात आणि मग वाटणीला बसतात. भूखंड विकत घ्यायचा असेल, तर एक-चौदावरील सर्व रकाने, रूपांतराची सनद आणि विभाग पाहिल्यावरच दराची बोलणी करावीत. कागद संशयास्पद असलेले पाचशे मीटर आणि सनद असलेले दोनशे मीटर यांत मी दोनशे घेईन आणि वर माडी चढवीन. उतारवयात जिना जड जाईल हे खरे. म्हणून झोपण्याची एक खोली आणि न्हाणी तळमजल्यावर धरावी, विहिरीची जागा सोडावी, आणि सत्तरीच्या पावसाला साजेसे उतरते छप्पर घालावे.