राखीव जागा, खुले मत

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २००९पासून गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघही राखीव आहे. मात्र २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. म्हणजे उमेदवार आदिवासीच असणार, पण त्याला निवडून येण्यासाठी इतरांची मते लागणारच.

आलापल्लीच्या बाजारात हे गणित उघड दिसते. भामरागडकडचे माडिया, सिरोंच्याकडचे तेलुगू भाषक, मुलचेऱ्याकडचे बंगाली निर्वासित आणि ओबीसी शेतकरी, सारे येथे एकत्र येतात. अहेरी मतदारसंघात भामरागड व एटापल्ली हे आदिवासीबहुल तालुके आहेत खरे, पण २०२४मध्ये अहेरी राजघराण्यातील तिघे आत्राम, म्हणजे धर्मरावबाबा, त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव, एकमेकांविरुद्ध उभे होते. मते अशी वाटली गेली की उरलेल्यांच्या मतांचे मोल वाढते.

याच भागाने पूर्वी दोन वेगळ्या वाटा पाहिल्या आहेत. १९६२मध्ये चांद्यातून अपक्ष निवडून आलेले लाल श्यामशहा यांनी आदिवासींच्या प्रश्नांकडे होणाऱ्या दुर्लक्षाच्या निषेधार्थ १९६४मध्ये खासदारकी सोडली. अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या नाग विदर्भ आंदोलन समितीने स्वतंत्र विदर्भाची मागणी लावून धरली. ती सर्व जातींना आपली वाटण्याजोगी होती. १९७७मध्ये चंद्रपूरच्या खुल्या जागेवरून ते लोकसभेत गेले. पुढे इंचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात हे दोघेही बाबा आमटेंसोबत होते. धरणात गावे बुडणार होती आणि जंगलही. म्हणून तो प्रश्न एकट्या आदिवासींचा राहिला नाही.

आज असा सामाईक धागा तुटलेला दिसतो. ९ जून २०१४च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली. दुसरीकडे जिल्ह्यातील ओबीसी आरक्षण ६ टक्क्यांवर आलेले होते. ते १७ टक्के करण्याचा निर्णय २०२१मध्ये झाला. दोन्ही गाऱ्हाण्यांत तथ्य आहे. आदिवासीला आपल्या गावचा कारभार आपल्या भाषेत हवा आहे, तर आदिवासी तुरळक असलेल्या पेसा गावातील ओबीसी तरुणाला सर्व दारे बंद दिसतात. पक्ष मात्र दोघांना एकत्र बसवत नाहीत. आदिवासी पाड्यावर पेसाच्या रक्षणाचे वचन दिले जाते, तर बाजारपेठेत पेसा गावांच्या फेरतपासणीचे.

या दुटप्पीपणाचे मूळ केवळ नेत्यांच्या स्वभावात नाही, ते मोजक्या सरकारी नोकऱ्यांत आहे. रोजगार वाढवणे अवघड असते, दोन समाजांना एकाच पदाकडे बोट दाखवणे सोपे. लोकसंख्येच्या जोरावर काढून घेता येतो तो हक्क नव्हे, ती सवलत. म्हणून आलापल्लीच्या सभेत उमेदवाराला एवढेच विचारावे : जे येथे बोललात, तेच भामरागडला बोलाल काय?