वसईचा 'नु', डोंबिवलीचा 'नाइ'

शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये सहाजण जपानी शिकायला बसतात. पहिल्या काही महिन्यांत 'नाइ' येतो आणि दर तुकडीत कुणीतरी खुशीत ओरडतं, "काकू, हे तर आपलंच! नाय!" यंदा ओरडणारा कोपरचा आगरी मुलगा होता, त्यामुळे आवाज जरा जास्तच लागला. 'ताबेरु' म्हणजे खाणे, 'ताबेनाइ' म्हणजे खात नाही. नकार वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखाच. नातं मात्र काही नाही. आपला 'नाही' संस्कृत 'न'च्या घरातला, त्यांचा 'नाइ' वेगळ्याच कुळातला.

विशेषणाशी गाठ पडली की खुशी ओसरते. 'ओइशिइ' म्हणजे चविष्ट. 'विद्यार्थी नाही'साठी 'गाकुसेइ देवा आरिमासेन' घोकलेलं असतं, म्हणून सहापैकी चारजण 'ओइशिइ देवा आरिमासेन' म्हणून मोकळे होतात. नामाला ते चालतं, अशा विशेषणाला मात्र स्वतःच वाकावं लागतं: 'ओइशिकुनाइ'. आणि 'आरु' म्हणजे असणे, त्याचा नकार 'आरानाइ' नव्हे, नुसता 'नाइ'. इथे मराठी माणसाने कुरकुरू नये. आपण तरी 'आहे नाही' कुठे म्हणतो?

पण चारचौघांत अदबीने बोलायचं तर 'ताबेनाइ' नाही, 'ताबेमासेन'. मग हा शेवटचा 'न' कुठला? इथे मी पुस्तक मिटते आणि वसईला जाते.

वसई आत्ता आत्तापर्यंत, 2014मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत, आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. पोर्तुगीज अमलात तिथे गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. कोवळ्या वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारही केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला. 1593मध्ये मनिलाचा वकील म्हणून निघालेल्या फ्रान्सिस्कन पेद्रो बाप्तिस्ताचा दुभाष्या म्हणून तो पुन्हा जपानला पोचला. समोर जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, ज्याला मनिला मांडलिक म्हणून हवी होती. मनिलाच्या स्पॅनिशांना ते नको होतं. अशा दरबारात दुभाष्याला क्रियापदाचं शेपूट चुकवून चालत नाही. पुढे हिदेयोशी ख्रिस्त्यांवर उलटला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर चढवलं. 1862मध्ये तो संत ठरला. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

त्याच्या कानांवर जो नकार पडायचा तो 'नु'. क्योतोकडे, क्युशूकडे तेव्हा 'जाणत नाही' म्हणजे 'शिरानु' किंवा 'शिरान'. 'शिरानाइ' हे पूर्वेकडच्या कांतो प्रांतातलं बोलणं. तेही एका पाद्र्यानेच टिपून ठेवलं. जुआंव रोद्रिगेश हाही हिदेयोशीकडचा दुभाष्या. त्याचं जपानी व्याकरण 1604 ते 1608 या काळात नागासाकीला छापलं गेलं, आणि पूर्वेकडे 'नु'च्या जागी 'नाइ' लावतात अशी नोंद त्यात आहे.

मग सत्ता पूर्वेला गेली. 1603मध्ये तोकुगावांची शोगुनशाही आली, एदो वाढलं, पुढे त्याचं तोक्यो झालं आणि पूर्वेचा गावठी 'नाइ' प्रमाण होऊन बसला. अदबीच्या 'मासेन'मधला 'न' मात्र पश्चिमेचा, त्या जुन्या 'नु'चाच उरलेला तुकडा. म्हणजे घरात बोलायला एदो आणि पाहुण्यांसमोर क्योतो. माझ्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही नकार एकाच पुस्तकात भेटतात आणि ते चिडतात. मला मात्र या 'न'चं फार कौतुक. क्युशूत म्हातारी माणसं अजून 'शिरान' म्हणतात.

गेल्या डिसेंबरात जेएलपीटी ही जपानीची परीक्षा आटपल्यावर आम्ही सगळे कोपरहून दिवा-वसई गाडी पकडून किल्ला बघून आलो. परतताना गाडी जुचंद्रला बराच वेळ खोळंबली. कोपरच्या पोराने विचारलं, "काकू, मग तो गोन्सालो घरी आईशी काय बोलत असेल? नाय की नाही?"

"शिरानु," मी म्हटलं.