विसावा हिस्सा

आमच्या कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. इथली १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. मते कमी पडली, पण माणसे सोबत होती. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी या गरीब माणसांकडेच मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला. म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयामागे आण्याला थोडा कमी. मजुराला तोही जडच. १९२० मध्ये ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले होते, ते मोठ्या मनाचे दान. मात्र दाता गेला की काम अडते. वर्गणीदार हिशेब विचारतो, काम आपले मानतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संस्थाही आज म्हणतात, निधी कुठे जावा ते समाजाने ठरवावे. वाचकहो, तुम्ही दिलेल्या वर्गणीचा हिशेब विचारता ना?