मातीतले चेहरे : असई ते डिकन्स

१/ जालना जिल्ह्यातील असई हे केळणाकाठचे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि मातीची मूर्ती होऊन इंग्लंडमधील घराघरांत शेकोटीवरच्या फळीवर जाऊन बसला. आजचा धागा या मूर्तींविषयी.

२/ स्टॅफर्डशायर हा इंग्लंडमधील कुंभारकामाचा प्रांत. माती आणि कोळसा तेथे जवळजवळ सापडत. १९व्या शतकात तेथे साच्यातून स्वस्त मूर्ती निघू लागल्या. मूर्ती भिंतीला टेकून राहणार, म्हणून तिची पाठ सपाट आणि बिनरंगाची. मेहनत वाचे, किंमत उतरे. राजे, सेनापती, धर्मोपदेशक, इतकेच काय, गाजलेले खुनीही मूर्तिरूपात विकले गेले.

३/ १८५२ मध्ये वेलिंग्टन वारला. त्याच वर्षी ‘अंकल टॉम्स केबिन’ पुस्तकरूपाने आली आणि कुंभारांनी टॉम व इव्हा यांच्या मूर्ती घडवल्या. खरा सेनापती आणि कल्पित गुलाम एकाच फळीवर आले.

४/ डिकन्सच्या कादंबऱ्या सचित्र मासिक हप्त्यांनी निघत. त्यामुळे पात्रांचे चेहरे वाचकांच्या ओळखीचे होते. १८१५ मध्ये, म्हणजे वॉटर्लूच्याच वर्षी, सुरू झालेल्या डोल्टन कारखान्याने २०व्या शतकात त्यांचा लाभ घेतला. १९३०च्या दशकात चेहऱ्याच्या आकाराचे जग आले. सेरी गँप या सुईणीच्या जगाची मूठ म्हणजे तिची छत्रीच!

५/ संग्राहक आधी तळ पाहतात. डोल्टनच्या वस्तूवर शिक्का व क्रमांक असतो. जुन्या स्टॅफर्डशायर मूर्तींवर बहुधा कुंभाराचे नावही नसते. डोल्टनचा बर्स्लेम येथील कारखाना २००५ मध्ये बंद झाला.

६/ आता पुन्हा असईकडे. इंग्रज पायदळ तोफा ओलांडून पुढे गेले, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी फौजेचे काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा शत्रूच्या पाठीवर फिरवल्या. वेलस्लीला त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. त्याच्या सैन्याचे सुमारे १,५०० लोक त्या दिवशी ठार वा जखमी झाले.

७/ त्या गोलंदाजांची मूर्ती कोणी घडवली नाही; त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. बाजारात ज्याला गिऱ्हाईक, त्यालाच मातीत चेहरा मिळाला. म्हणून संग्रहालयात अशी मूर्ती दिसली, तर ती कोणाची एवढेच विचारू नका. तिच्या शेजारची जागा कोणाची होती, हेही विचारा.