थिबा राजाची अंगठी आणि आपली पेटी

रत्नागिरीत राहून थिबा राजाचा राजवाडा पाहिला नाही अशी भगिनी आपल्या मंडळात विरळाच. पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचे आणि ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा इंग्रजांनी येथे आणून ठेवला होता एवढे सांगायचे, असा आपला परिपाठ. त्या राजाच्या दागिन्यांची हकीकत मात्र आपण सहसा सांगत नाही. ती बायकांनी तरी अवश्य ऐकावी.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजी फौज मंडालेस पोहोचली आणि थिबा राजा व राणी सुपायालात यांना घाईघाईने राजवाडा सोडावा लागला. त्या गडबडीत किती वस्तू गेल्या याचा हिशेब पुढे लागला नाही. घराण्याची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे 'नगामौक' नावाचे मोठे माणिक; ते अंगठीत जडविलेले होते. राजाचे म्हणणे असे की, कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याने ती अंगठी पाहावयास मागितली आणि आपल्या खिशात टाकली. ती परत मिळेल असे राजा धरून चालला. १८८६ साली त्याला रत्नागिरीस आणले. येथून त्याने अंगठीसाठी सरकारकडे पुन्हा पुन्हा मागणी केली. स्लेडनसाहेब १८९० साली वारला. अंगठीचे काय झाले याचा निर्णय आजवर लागलेला नाही. राजाजवळ होते ते फक्त स्वतःचे सांगणे. घेणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी असती तरी जेत्याने वस्तू परत दिली असती असे नव्हे. पण नाही म्हणताना त्याला अडचण पडली असती.

बरोबर आलेल्या दागिन्यांपैकी पुष्कळ येथेच खर्चापायी विकले गेले. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला आणि १९१९ साली राणी व मुली मायदेशी गेल्या. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली व १९४७ साली येथेच गरिबीत तिचा अंत झाला. तिची मुलगी तुम्हां-आम्हांसारखी मराठी बोलत, येथेच संसार करून, २००० साली गेली. त्या माणकाची आजीबाजूची वारस आपल्या गावच्या बाजारातून भाजी नेत होती!

राजेरजवाड्यांना यादीचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. मराठी राज्यात जडजवाहीर व वस्त्रे यांचा वेगळा जामदारखाना असे. शिवछत्रपतींच्या पश्चात सभासदाने जी बखर लिहिली तीत महाराजांच्या खजिन्यातील नाणी, जवाहीर, कापड यांची लांबलचक यादी आहे. लढायांची वर्णने वाचून आपण ती पाने उलटतो. पण राज्य मागे ठेवून जाणाऱ्याचे घर कसे होते हे त्या पानांवरच कळते.

आपल्या कोकणातील घरांत दरबार नव्हता, कारकून नव्हता. पुरुषमाणसे मुंबईस चाकरीला, आणि घरी सासू, सून व मुले. पुतळ्यांची माळ, ठुशी, पाटल्या, गोठ, नथ हे सारे सांभाळायचे बायकांनी. मग डबा भाताच्या कणगीत जाई, देवघरामागच्या कोनाड्यात जाई, नाहीतर चुलीजवळ जमिनीत. चोराला सापडू नये म्हणून ज्या युक्त्या केल्या त्याच युक्त्यांनी लेकीसुनांनाही वस्तू सापडू नये, हा त्यातला पेच. "वेळ आली की सांगेन" असे म्हणणाऱ्या म्हातारीची वाचाच आधी गेली, तर ती वेळ येतच नाही.

जमिनीत राहिलेल्या धनाचे काय होते हेही ऐकून ठेवावे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने ते पुरले, असा दावा असेल तर दिवाणी कोर्टात तो सिद्ध करावा लागतो. ते बेवारस ठरले आणि सरकारने किंमत देऊन घेतले नाही, तर साधारणपणे तीन हिस्से सापडवणाऱ्याला व एक हिस्सा जागेच्या मालकाला. म्हणजे आजीने नातीसाठी पुरलेल्या पाटल्यांत पाया खणणाऱ्या गड्याचा वाटा मोठा!

पूर्वी स्त्रीधनावर मुलींचा हक्क पहिला मानला जाई. म्हणून आई लेकीच्या कानात सांगे आणि तेवढ्यावर निभावत असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली, आणि तिने मृत्युपत्र केले नसेल तर मुलगे, मुली व पती यांना सारखा वाटा ठेवला. कानात सांगितलेले आता एकीलाच ठाऊक, आणि हक्क मात्र सर्वांचा. भावंडांत वितुष्ट येते ते पुष्कळदा येथूनच. सोने कमी निघाले म्हणून नव्हे, किती होते हे कोणालाच नक्की ठाऊक नसते म्हणून.

काही शहाण्या घरांत यादी होती. तोळे, मासे, गुंजा यांसह, कोणता दागिना कोणाच्या लग्नात आला हेसुद्धा. परंतु ती मोडीत! विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून गेली आणि आज नातवंडांना तो कागद किराण्याच्या हिशेबासारखा दिसतो. आपल्या मोबाईलमधील नोंदींना परवलीचा शब्द लावून तो कोणालाच न सांगणाऱ्या भगिनींनी फार हसू नये.

आता बँकेच्या लॉकरकडे वळू. १९८३ च्या दुरुस्तीने खात्यांना व लॉकरला नामनिर्देशनाची सोय झाली. लॉकरधारक वारल्यावर नामनिर्देशित व्यक्तीला वस्तू नेऊ देण्यापूर्वी बँकेने आतील वस्तूंची यादी करून तिची सही घ्यावी, असा नियम आहे. पण ही यादी त्या दिवशी जे निघाले त्याची. आपण काय ठेवले होते हे बँकेला ठाऊक नसते, ती विचारतही नाही. शिवाय जिचे नाव लावले ती वस्तू ताब्यात घेते, तेवढ्याने मालकीण होत नाही. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नेमलेल्यांची. ही गोष्ट कितीतरी सुशिक्षित घरांतही माहीत नसते. ठेवीच्या खात्याकडे दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या निधीत जाते. वारस तेथूनही मागू शकतो, पण खाते होते हे त्याला कळले तर ना!

मृत्युपत्रासाठी तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक सुरेख सोय आहे. मृत्युपत्र लाखबंद पाकिटात घालून जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवता येते. हयातीत ते कोणी उघडीत नाही. आपल्याला मात्र परत मागता येते. मृत्यूनंतर कोणी अर्ज केला म्हणजे निबंधक ते अर्जदारासमक्ष उघडून त्याची नक्कल नोंदवून घेतात. अर्ज मात्र कोणीतरी करावा लागतो. तेव्हा पाकीट दिल्याची तारीख घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावी, आणि त्या दोघांतली एक लेक असावी, असे माझे मत आहे.