यंत्र खोटं बोलतंय!

मागच्या आठवड्यात घरच्या यंत्रावर माझा रक्तदाब १७८ आला. मी सौ.ला म्हटलं, "सेल संपलेत यंत्राचे." सेल बदलले, तरी तेवढाच! मुलगी फोनवर रागावली ती वेगळीच. पण त्यावरून फुकुशिमाची हकीकत आठवली. मी इतिहास शिकवणारा माणूस, विज्ञान माझा विषय नाही, तेव्हा इतिहास म्हणूनच वाचा.

११ मार्च २०११ला जपानच्या फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रावर त्सुनामी आली. तिथले कामगार छातीपाशी एक छोटं यंत्र लावतात, डोसिमीटर. अंगावर किती किरणोत्सर्ग आला ते मोजतं आणि ठरवलेल्या आकड्याला वाजतं. अशी सुमारे ५००० यंत्रं होती. बहुतेक पाण्यात गेली, ३२०च्या आसपास उरली. मग काही दिवस तुकडीत एकट्या म्होरक्याकडे यंत्र, आणि बाकीच्यांचा डोस त्याच्याइतकाच धरायचा. आता एकाच खोलीत दहा पावलांवर किरणोत्सर्ग कितीतरी वेगळा असू शकतो. पण दुसरा इलाज काय होता? सगळ्यांना यंत्र मिळायला एप्रिल उजाडला.

(आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा बॅज निराळा. त्यातल्या चकत्या किरणोत्सर्ग साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाश देतात, त्यावरून डोस काढतात. हिशोब चोख, पण तो बॅज वाजत नाही. लागलेलं नंतर कळतं.)

२४ मार्चला तिघे जण तिसऱ्या अणुभट्टीच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात विजेची केबल टाकायला उतरले. खाली वीतभर पाणी. दोघांच्या पायात साधे बूट, पाणी सरळ आत गेलं. डोसिमीटर २० मिलिसिव्हर्टला वाजायचा, तसा तो वाजला. तिघांनाही वाटलं, यंत्र बिघडलंय! कारण आदल्या दिवशीच्या पाहणीत तिथे किरणोत्सर्ग कमी होता आणि पाणीही फारसं नव्हतं. काम पाऊण तासाच्या आसपास चालूच राहिलं. बाहेर आले तेव्हा आकडे १७० ते १८०च्या घरात. यंत्र ठणठणीत होतं. चुकली होती ती कालची पाहणी. चुकली तरी कसं म्हणावं? ती कालची होती, एवढंच. तिघांना चिबाच्या संस्थेत तपासलं आणि २८ मार्चला घरी सोडलं.

मला त्यांचा राग येत नाही. आठवडाभर झोप नाही, चहूकडे कसले ना कसले भोंगे, हातात कागदावरचा कालचा आकडा. माणूस कागदावर विश्वास ठेवतो.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका उपकंत्राटदार कंपनीच्या अधिकाऱ्याने आपल्या कामगारांना डोसिमीटरवर शिशाचं कवच चढवायला सांगितलं. वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा. ती भरली की माणूस घरी बसणार आणि कंपनीचं काम अडणार. कवचाने यंत्रावरचा आकडा कमी व्हायचा, अंगावरचा नव्हे. आमच्याकडे एका शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी पटावर गैरहजर मुलं हजर व्हायची, त्याचीच ही आवृत्ती. फक्त इथे खोटी हजेरी माणसाच्या हाडामांसाची होती.

काही कामगारांनी कवच लावायला नकार दिला. कोणीतरी ते बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. जुलै २०१२मध्ये ते वर्तमानपत्रात आलं, म्हणून आज मी लिहू शकतोय.

असो. डॉक्टरांनी माझी गोळी वाढवली आहे.