पुतळा महाराजांचा, हात कुणाचे?

आज बोलायचंय शिवाजी महाराजांच्या पुतळ्यांबद्दल. म्हणजे खरं तर ते घडवणाऱ्यांबद्दल. तुमच्या गावातल्या चौकात महाराजांचा पुतळा असेलच. तो कुणी केला, सांगता येईल? उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते चौथऱ्यावर मोठ्या अक्षरांत असतं. शिल्पकाराचं नाव शोधावं लागतं.

पुण्याचंच घ्या. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. माझ्या मते आजही त्याच्या तोडीचे फार थोडे. कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. १९ नोव्हेंबर १९२१ ला पायाभरणी झाली, तीही प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते! (तेव्हा या भागाला भांबुर्डा म्हणत.) पुढच्याच मे महिन्यात शाहू महाराज गेले. काम पुढे नेलं राजाराम महाराजांनी.

आणि घडवलं विनायक पांडुरंग करमरकरांनी. हे अलिबागजवळच्या सासवण्याचे, जन्म १८९१ चा. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज काढले होते. कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या ते नजरेस पडलं आणि त्यानं मुलाची मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये सोय लावली. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, मग लंडनला. भिंतीवरचे महाराज ब्राँझमध्ये उतरायला मात्र १९२८ उजाडलं.

पुतळा साडेतेरा फूट उंच, वजन सुमारे आठ टन. असे पुतळे सहसा तुकड्यांत ओततात आणि मग जोडतात. हा एकसंध ओतायचं ठरलं, माझगावच्या गोदीत. आता विचार करा: वितळलेला धातू घोड्याच्या खुरापासून महाराजांच्या जिरेटोपापर्यंत सगळीकडे पोचायला हवा, तोही गार व्हायच्या आत. मध्ये कुठे हवा अडकली, साचा तडकला, की मेहनत मातीत. ओतकाम जमलं. पुतळा पुण्याला आला, आणि १६ जून १९२८ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं अनावरण केलं. आज शंभरीला टेकलाय.

आता मालवण. राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. शिल्पकार कोण, त्यानं आधी काय केलंय, एवढं मोठं काम त्याला कसं मिळालं, हे प्रश्न टीव्हीवर आले ते त्यानंतर. अनावरणाच्या दिवशी विचारले असते तर? तेव्हा आपण सगळे रील्स बघत होतो. मीसुद्धा.

बरं, करमरकरांचं काम बघायचं असेल तर सासवण्याला त्यांच्या घरातच संग्रहालय आहे. मुंबईहून मांडव्याला बोटीनं उतरलात की फार लांब नाही. किहीमच्या बीचवर जाणारे त्याच रस्त्यानं जातात, थांबत नाहीत.